कुणाचंच तोंड नव्हतं, तरी किडे निघाले

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी बायको वारली. ती दातांची डॉक्टर होती. आदल्या दिवशी, रविवारी, ती बोटीने गावात जाऊन आली होती. मी बरोबर होतो.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. आमच्या हिंदी भाषक शहरातल्या गढ्याच्या बाजारात तिचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि इतक्या वर्षांत त्या वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक तोंड तिने आतून पाहिलं होतं. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांत दोन प्रकार होते. काहींचं काम पूर्ण झालं होतं, काहींचं राहिलं होतं. ज्यांचं राहिलं होतं ते जास्त वेळ बसत.

तिसऱ्या दिवशी एक मिठाईवाले आले. "भैया, भाभीजी जैसी डॉक्टर अब नहीं मिलेगी," असं म्हणून त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मग रुमालाआडून आवाज आला, "वो मेरा कैप बनकर आ गया था क्या?"

मी दवाखान्याची किल्ली घेऊन गेलो आणि तिच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. लहान लहान प्लास्टिकच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून अर्धी वस्ती तिथे ठेवलेली होती. कुणाची दाढ, कुणाचा सुळा, कुणाचे समोरचे दोन. मिठाईवाल्यांचा डबा सापडला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, खिशात ठेवला आणि मग खरोखरच रडले.

आमच्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्ष म्हणाले की डॉक्टरताईंनी दुर्गम नदीकाठच्या बांधवांच्या मुखात आरोग्याचा दीप उजळला. हे फार चुकीचं नव्हतं. तोंडात उजेड पाडणं हा तिच्या कामाचा भाग होताच. टॉर्च मी धरत असे.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे वेळ होता आणि तिच्याकडे धरायला माणूस नव्हता, म्हणून मी तिच्याबरोबर जाऊ लागलो. दर दुसऱ्या रविवारी आम्ही बरगीच्या धरणापर्यंत गाडीने जायचो आणि तिथून दीड तास मोटरबोटीने. धरण झालं तेव्हा त्या गावाची शेतं आणि रस्ता पाण्याखाली गेला. गाव वर टेकडीवर सरकलं आणि तिथेच राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे काळे खुंट वर येत आणि नाववाला त्यांच्यामधून वाट काढत नेई. नाववाला कायम एकच होता. चाळिशीचा, बोलका, आणि आपल्या बोटीत चढलेल्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावून स्वतः न घालणारा.

त्या गावात एखाद्याची दाढ दुखली तर त्याला बोट धरावी लागे, मग बस, मग हॉस्पिटलातली रांग. रांग संपेपर्यंत परतीची बस गेलेली असे. रात्र व्हरांड्यात. दाढेसाठी दोन दिवस कोण देणार? म्हणून लोक लवंग धरत, बाभळीच्या सालीच्या गुळण्या करत, पेरूची कोवळी पानं चावत. बायका सकाळी गुडाखू घासत. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. त्याने दुखणं बधिर होतं आणि दात जातात. एकदा लागलं की सुटत नाही. माझी बायको त्यांच्यावर ओरडायची. त्या पदराआड हसायच्या आणि डबी कमरेला खोचायच्या.

आम्ही शहरातले सुशिक्षित लोक या सगळ्याला हसायचो. आमच्या घरी माझी आई दुखऱ्या दाढेत हिंग भरायची, आणि माझे एक काका ब्रँडीचा बोळा ठेवायचे, तो सकाळ-संध्याकाळ बदलायचे, दाढ बरी झाल्यावरही.

गावात मोहाच्या झाडाखाली एक प्लास्टिकची खुर्ची होती. तोच दवाखाना. हत्यारं उकळायला ती घरचा मोठा प्रेशर कुकर आणि स्टोव्ह आणायची. शिट्ट्या मोजणं आणि टॉर्च धरणं ही दोन कामं माझ्याकडे होती. पहिल्या रविवारी गावातल्या पोरांना वाटलं डॉक्टरीण भात लावते आहे. पोरं ताटल्या घेऊन येऊन बसली.

आणि गावात बऊ होती. बऊ म्हणजे तिकडे आजी. सत्तरीची, उंच, कमरेत न वाकलेली बाई. ती दातातले किडे काढायची.

तिची पद्धत अशी. परातीत पाणी घ्यायचं, मध्ये विटेवर तापवून लाल केलेला लोखंडाचा तुकडा ठेवायचा, त्यावर तेलात भिजवलेल्या रिंगणीच्या बिया टाकायच्या. रिंगणी ही काटेरी, जमिनीसरपट वाढणारी, पिवळी फळं धरणारी. वरून तळाला भोक पाडलेलं मडकं उपडं घालायचं, भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ बसवायचा आणि दुखणाऱ्याने तो तोंडात धरायचा. धूर दाढेला लागतो. लाळ गळते. थोड्या वेळाने मडकं उचललं की परातीतल्या पाण्यात बारीक, पांढरे, वळलेले किडे तरंगत असतात. सगळे वाकून पाहतात. दुखणारा गालाला हात लावून म्हणतो, हो, हलकं वाटतं.

माझी बायको हे लांबून पाहायची आणि काही बोलायची नाही. मला तो तिचा भित्रेपणा वाटायचा.

मी शोध घेतला. माझ्या जुन्या ग्रंथालयात वनस्पतींवरचं एक जाड पुस्तक होतं, जे माझ्या नोकरीच्या काळात माझ्याशिवाय कुणी काढलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की ही बी तापली की फुटते आणि तिच्या आतला कोवळा अंकुर बाहेर उडतो. तो पांढरा असतो आणि वळलेला असतो. म्हणजे किडे दातातून येत नव्हते, बियांतून येत होते. मला इतका आनंद झाला की मी ग्रंथालयातून पत्रं वाचायचं भिंग घेऊन आलो.

बोटीत मी बायकोला माझा बेत सांगितला.

"काहून जाता त्या म्हातारीच्या पोटावर पाय द्यायले?" ती म्हणाली. ती माहेरची अमरावतीकडची होती आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिचं काहून गेलं नव्हतं.

"पोटाचा प्रश्न नाही. सत्याचा आहे."

हे वाक्य मी गंभीरपणे उच्चारलं. नारिंगी लाइफ जॅकेट घालून.

"पुस्तकातला दात दुखत नसते, अहो," ती म्हणाली आणि पाण्याकडे पाहत बसली. नाववाल्याला मराठी येत नव्हती, पण तोही हसला.

बऊच्या अंगणात तीस-चाळीस माणसं होती. मी हात जोडून विनंती केली की आज सगळं नेहमीसारखंच करा, फक्त देठाला कुणी तोंड लावू नका. बऊने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने बिया टाकल्या, मडकं घातलं. देठातून धूर वर गेला, कुणाच्याच तोंडात न जाता. मडकं उचललं. पाण्यात किडे होते. मी भिंग फिरवून दाखवलं, फुटलेली बी दाखवली, अंकुर दाखवला. प्रयोग पुस्तकात लिहिल्याबरहुकूम झाला. कुणाचंच तोंड नव्हतं, तरी किडे निघाले.

अंगणात कुजबुज झाली. मग एक म्हातारा पुढे आला आणि परातीत डोकावून म्हणाला, "देखो तो! बिना मुँह लगाए खींच लिए. जो पास खड़े थे, उनके भी निकल आए."

बाजूच्या बाईने गालाला हात लावला. "हओ, हमाई भी हल्की लग रई."

बऊने परात उचलून पाणी ओतलं. तिची कीर्ती त्या दुपारी पलीकडच्या तीन गावांत गेली.

पुढच्या खेपेला मोहाखाली कुणी आलं नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, हत्यारं टॉवेलवर मांडली गेली, ऊन खुर्चीवरून सरकून मागे गेलं. ज्या गावात धूर नुसता जवळून गेला तरी किडे निघतात, तिथे चिमटा घेऊन बसलेल्या बाईकडे कोण येणार? आम्ही डबा उघडून खाल्ला. शेवटी ती म्हणाली, "कुणी नाही तर तुमचं तोंड तरी पाहू द्या."

"माझं काय पाहायचं? माझे दात उत्तम आहेत."

तिने आग्रह केला नाही. उठली आणि एकटीच बऊच्या घराकडे गेली. मला बोटीत बसायला सांगितलं. तासाभराने आली तेव्हा तिच्या साडीला धुराचा वास होता. मी समजलो चुलीजवळ बसली असेल. काय बोलणं झालं विचारलं, तर म्हणाली, "बायकांचं."

त्यानंतरच्या रविवारी बारा माणसं आली. त्यापुढच्या वेळी वीस. मी याचा अर्थ असा लावला की प्रयोगाचा परिणाम व्हायला वेळ लागतो. मंडळात मी यावर एक व्याख्यानही दिलं. विषय होता विज्ञाननिष्ठा. बायको पहिल्या रांगेत बसली होती आणि तिने टाळ्या वाजवल्या.

ती गेल्यानंतरच्या बाराव्या दिवशी सकाळी नाववाला आमच्या दारात आला. घरात दुसऱ्या दिवशीच्या तेराव्याची तयारी चालू होती. माझी मोठी बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, स्वयंपाकघरात आचाऱ्याला सूचना देत होती. नाववाला पायरीवरच बसला. आधी त्याने बाईंबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. मग म्हणाला, "मास्साब, दीदी जो गोली देती थीं, वो मिल जाएगी?"

त्याला मी ग्रंथपाल होतो हे माहीत होतं, पण पुस्तकांजवळ बसणारा माणूस तिकडे मास्तरच असतो.

"किसके लिए?"

त्याच्या बायकोसाठी. शेवटच्या रविवारी माझ्या बायकोने तिची खालची दाढ उघडून, साफ करून, औषधाचा बोळा भरला होता आणि सांगितलं होतं की पुढच्या खेपेला उरलेलं करू. तो टॉर्च मीच धरला होता. आता तिचा जबडा सुजला होता, सूज गळ्यापर्यंत उतरली होती, तीन दिवस ताप होता.

दवाखान्यात माझ्या बायकोच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर होती. मी तिला फोन लावला. तिने एकच प्रश्न विचारायला सांगितला: थुंकी गिळता येते का?

"नहीं," नाववाला म्हणाला. "टपकता रहता है. जीभ भी ऊपर को हो गई है."

मी ते फोनवर सांगितलं. मग ती म्हणाली, "सर, आज लाइए. कल नहीं, आज. साँस रुक सकती है. मैं हॉस्पिटल में बोलकर रखती हूँ."

मी नाववाल्याला सांगितलं. तो उठला आणि परत बसला. "अम्मा नहीं भेजेगी," तो म्हणाला. त्याच्या आईचं म्हणणं साधं होतं. जिने दाढ उघडली ती दुसऱ्याच दिवशी मेली. आता त्या दाढेला शहरातला हात लावू द्यायचा नाही. "बऊ कह दे तो मान जाएगी. और किसी की नहीं सुनती."

मी चप्पल घातली. ताई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"उद्या तेरावं आहे अन् आज कुठं निघालास?"

"बरगीला."

"नदीवर? अरे, सुतकात? लोक काय म्हणतील? तिची काही आठवण ठेवशील की नाही?"

"तिचं काम राहिलंय," मी म्हणालो. मिठाईवाल्यासारखंच, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

आम्ही भाड्याच्या गाडीने धरणावर गेलो. बोटीत मी मनात बऊसाठी वाक्यं जुळवत होतो. ज्या बाईचा मी चाळीस माणसांसमोर पंचनामा केला होता, तिच्याकडे जाऊन सांगायचं की तुझा शब्द चालतो, माझा नाही. यासाठी कुठल्याही पुस्तकात नीट वाक्य नाही.

नाववाल्याची बायको घराच्या ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की गुदमरायचं. गळा आणि हनुवटी एक झाली होती. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि ती पदराने टिपत होती. तिने मला पाहून पदर पुढे ओढला, म्हणजे शुद्ध होती. श्वास घेताना आवाज येत होता. सासू दारात उभी होती, चौकटीला दोन्ही हात लावून.

बऊ आधीच येऊन बसली होती. मी हात जोडले आणि तयार केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "बऊ, इसको आज ही ले जाना पड़ेगा. आप कह दीजिए."

"हमने परसों कह दई," बऊ म्हणाली. "नहीं मानती. कहती है, धुआँ दो. अब धुआँ किसे दें? जो मुँह तो खुलतई नइयाँ."

सासू दारातून म्हणाली, "धुआँ लगेगा, कीड़ा निकलेगा, तब देखेंगे."

बऊने माझ्याकडे पाहिलं. "तो तुम बैठ जाओ, मास्साब."

"मी?" मी मराठीत म्हणालो.

"इसके नाम से तुम बैठो. दाढ़ तो तुम्हारी भी सड़ी है."

मी म्हणालो तसं काही नाही. बऊ हसली. तिच्या तोंडात सगळे दात होते. "दो साल से देख रए हैं. बाएँ से चबात नइयाँ. तुम्हारी घरवाली कहती थी, सब पता है मुझे, जिस दिन अपने आप मुँह खोलेंगे, उस दिन देखूँगी."

मला वाटत होतं की ते मी फार हुशारीने लपवलं आहे. दाढ दुखली की मी पुस्तक तोंडासमोर धरायचो. दातांच्या डॉक्टरचा नवरा सुईला घाबरतो हे शहरभर होऊ नये, एवढाच हेतू होता.

सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी विचारलं, "और वो आपसे कब कहती थी?"

"जिस दिन तुम नाव में बैठे थे." बऊने तिथल्या तिथे वीट ठेवायला सांगितलं आणि मग, जाळ होईपर्यंत, पुढचं सांगितलं. त्या दिवशी माझी बायको तिच्या अंगणात आली, खाली बसली, आणि म्हणाली, मला धूर द्या. लोक जमले. डॉक्टरणीने देठ तोंडात धरला. मडकं उचललं तेव्हा तिने सगळ्यांसमोर सांगितलं, निघाले. मग बऊने लोकांना सांगितलं की जे वर असतात ते माझ्या धुराने निघतात, जो मुळाशी बसतो तो डॉक्टरणीच्या हत्याराने. त्या दिवसापासून मोहाखाली जेवढे आले ते सगळे बऊने पाठवलेले होते. माझ्या व्याख्यानात याचा उल्लेख नव्हता.

"पण ते किडे नाहीत," मी म्हणालो. मी हिंदीत म्हणालो, पण म्हणालोच. तिथे, त्या बाईच्या श्वासाचा आवाज येत असताना. शिकलेल्या माणसाची खोड.

"कीड़ा है कि बीजा, जो तुम जानो," बऊ म्हणाली. "हम तो इत्तो जानत हैं कि धुआँ देखके आदमी बैठ जात है. बैठेगा तब न कोई मुँह देखेगा. अब बैठत हो कि नईं?"

मी बसलो. परात आली, लाल लोखंड आलं, बिया तडतडल्या. पपईचा देठ कडू असतो. धूर तोंडात शिरला आणि मी इतका खोकलो की सासू चौकट सोडून दोन पावलं पुढे आली. लाळ गळत होती, शर्टावर, सगळ्यांसमोर. ओटीवर, अंगणात, कुंपणावर माणसं होती. त्यांतले कितीतरी माझ्या प्रयोगाला हजर होते.

मडकं उचललं. पाण्यात ते होते. पांढरे, वळलेले.

"निकले कि नहीं?" बऊने मोठ्याने विचारलं. मला. बाकी कुणाला नाही.

मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी गप्प बसलो आहे, पण खोटं फारसं बोललेलो नाही. ग्रंथपालाला तशी संधीही कमी असते. मी त्या ओटीवर बसलेल्या बाईकडे पाहिलं. तिने पदर बाजूला केला होता. तिला उत्तर हवं होतं.

"निकले," मी म्हणालो.

"कुछ हल्का लगा?"

"लगा."

आणि खरं सांगायचं तर हलकं वाटलं होतं. ऊब असेल, धूर असेल. माझी दाढ पुढचे दोन दिवस दुखली नाही. हे मी कुठल्याही व्याख्यानात सांगणार नाही.

बऊ परातीवर वाकली, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "ऊपर के सब आ गए. जड़ वाला रह गया. इनका भी, बहू का भी. जो धुएँ से नईं, सहर की मसीन से निकरहै. दोई जने आज जाओ." मग सासूकडे वळून, "और तू उसकी धोती बाँध दे पोटली में. खड़ी का देख रई है?"

सासू आत गेली आणि गाठोडं घेऊन आली. भांडण नाही, शंका नाही. जे मी आणि तिचा मुलगा मिळून करू शकलो नव्हतो ते एका वाक्यात झालं. परत जाताना नाववाल्याने बोट इतकी जोरात हाकली की खुंट दिसायच्या आत मागे पडत होते. त्याची बायको मध्ये बसली होती. तिला लाइफ जॅकेट गळ्यापाशी बसेना, म्हणून ते तिने मांडीवर धरलं होतं. मी तिच्या श्वासाचा आवाज मोजत होतो, शिट्ट्या मोजायचो तसा.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर दारातच उभी होती. हनुवटीखाली चीर देऊन तिथल्या डॉक्टरांनी पू काढला आणि नळी घातली. सर्जन म्हणाले की उद्या आणली असती तर बोलण्यासारखं काही नसतं. सातव्या दिवशी नाववाल्याची बायको पेज प्यायली. दाढ नंतर काढली. ती पुडीत बांधून घरी घेऊन गेली, सासूला दाखवायला.

तेराव्याला मी वेळेवर हजर होतो. ताई माझ्याशी बोलत नव्हती, पण ताटात श्रीखंड तिनेच वाढलं, कारण पुरी मला चावणार नाही हे तिलाही माहीत होतं. कुणाकुणाला माहीत होतं याची यादी मी नंतर केली नाही.

दाढ परत दुखायला लागल्यावर मी दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरने मला त्या खुर्चीत बसवलं. खुर्ची मागे झाली, दिवा डोळ्यांवर आला. इतकी वर्षं मी त्या दिव्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. "मुँह खोलिए, सर," ती म्हणाली. मी तोंड उघडलं आणि रडायला लागलो. रडू थांबेना.

ती घाबरली. सुई अजून ट्रेमध्येच होती. "सर," ती म्हणाली, "अभी तो मैंने कुछ किया ही नहीं."

तिने थोडा वेळ थांबून मग दाढ काढली. फार दुखलं नाही.

आता दवाखान्याच्या दोन खोल्या तीच चालवते. ड्रॉवरमधले सगळे डबे ज्याचे त्याला गेले. गावात दातांचं कुणी जात नाही. तिला घरी लहान मूल आहे आणि तिला पाण्याची भीती वाटते, आणि ती भीती बाळगायचा तिला हक्क आहे. सरकारी फिरतं वाहन येणार असं दोनदा ऐकलं. वाहन बोटीत चढत नाही. बऊ धूर देते. जे धुराने जात नाही त्याला ती, मुळाशी बसलाय, असं सांगून नाववाल्याबरोबर पाठवते. मी धरणावर जाऊन त्यांना घेतो, हॉस्पिटलात आणतो आणि त्यांच्याबरोबर रांगेत बसतो. महिन्याला दोन-तीन माणसं असतात. परतीची बस चुकली तर ती आमच्या घरी राहतात.